पद्मपाणीच्या मागावर: स्वयंभू, पाटण, बौद्धनाथ, लुंबिनी

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, आपल्याकडे कॅलेंडरपासून हॉटेलांच्या लॉबीपर्यंत सगळीकडे भेटतो. पण त्याच्यापुढे कुणी हात जोडलेले मी पाहिले नव्हते. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात तर हाच अवलोकितेश्वर संकटात सापडलेल्या माणसांना सोडवताना कोरलेला आहे. म्हणजे कधीतरी लोक त्याला हाका मारत होते. आता तिथे तिकीट काढून बघायला जातात. तो जिथे अजून पूजेत आहे त्या नेपाळात जाऊन एकदा बघावं, असं फार दिवसांपासून मनात होतं. ताईला मे महिन्यात सुट्टी होती. वर्धा-नागपूर-दिल्ली-काठमांडू असा प्रवास विनातक्रार पार पडला आणि मंगळवारी रात्री ठमेलमधल्या खोलीत आम्ही घड्याळं पंधरा मिनिटं पुढे केली.

बुधवार, स्वयंभू

पहाटे साडेपाचला निघालो. स्वयंभू स्तूपाच्या टेकडीला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत आणि शेवटचा टप्पा असा उभा, की मधला लोखंडी कठडा सोडवत नाही. वर पोचल्या पोचल्या समोर राजा प्रताप मल्लाने सतराव्या शतकात बसवलेलं भलंमोठं वज्र येतं, त्यामागे स्तूप. कार्ल्या-भाज्याचे स्तूप पाहिलेल्या माणसाला हा चकित करतो, कारण हा आपल्याकडे बघतो. घुमटावरच्या चौकोनी भागाला चारही बाजूंनी डोळे, नाकाच्या जागी देवनागरी एकासारखी खूण, वर सोन्याची तेरा कडी.

घुमटाला कोनाडे आहेत आणि त्यात पाच बुद्ध. पूर्वेला अक्षोभ्य, त्याच्याखाली हत्ती. दक्षिणेला रत्नसंभव, घोड्यांवर. पश्चिमेला अमिताभ, मोरांवर. उत्तरेला अमोघसिद्धी, गरुडांवर. पाचवा वैरोचन खरा स्तूपाच्या मध्यभागी; पण लोकांना दर्शन व्हावं म्हणून त्याला अक्षोभ्याच्या शेजारी जागा करून दिली आहे. अमिताभापाशी आम्ही जरा जास्त थांबलो. पद्मपाणी त्याच्याच कुळातला, त्याच्या मुकुटात बसलेली छोटी मूर्ती असते ती याची.

आमच्याकडच्या विहारात बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी-शेजारी, मेणबत्ती, अगरबत्ती, पांढरी वस्त्रं, त्रिशरण-पंचशील. लाल रंग कुठे नाहीच. इथे पाचही बुद्धांच्या अंगावर लाल अबीर, अक्षता, झेंडू, कपाळाला टिळा. ताई म्हणाली, "पंढरपुरात आल्यासारखं वाटतंय गं."

खरी रांग मात्र स्तूपापाशी नव्हती. मागच्या बाजूला दोन छपरांचं छोटं देऊळ आहे हारतीचं. तिथे लेकुरवाळ्या बायकांची ही गर्दी. कुणाच्या ताटात अंडं, कुणाच्या पोहे, कुणाकडे नुसते तांदूळ आणि फुलं. सहा-सात महिन्यांचं बाळ कडेवर घेतलेल्या एका बहिनीला (नेपाळीत धाकटी बहीण) विचारलं तर तिने सरळ सांगितलं, बाळ सारखं आजारी पडतं, सासूने पाठवलंय. ती स्वतः हिंदू. पुजारी बौद्ध. या गोष्टीचं तिथे कुणालाच काही वाटत नव्हतं.

ही हारती म्हणजे मुलं खाणारी यक्षिणी. बुद्धाने तिचं धाकटं पोर लपवलं, तिला दुसऱ्या आयांचं दुःख कळलं, आणि ती मुलांची राखण करू लागली. देवीच्या साथीत माणसं हिच्याच पाया पडत. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने लिहून ठेवलंय, की इथल्या विहारांच्या दारात किंवा भोजनशाळेच्या कोपऱ्यात कडेवर मूल घेतलेली हारती असे आणि तिला रोज नैवेद्य दाखवत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती आजही पांचिकाबरोबर बसलेली आहे. जपानात ती हातात डाळिंब घेऊन उभी राहते. नैवेद्य दाखवायचा रिवाज आपल्याकडे संपला, इथे अंड्यासकट चालू आहे.

डोंगराच्या उतारावर आनंदकुटी विहार आहे, थेरवादी (श्रीलंका-थायलंडकडच्या परंपरेचा), साधा, शांत. नेपाळच्या राणा सरकारने १९४४ मध्ये थेरवादी भिक्षूंना देशाबाहेर घालवलं होतं. पुढच्या बारा वर्षांत दिवस असे पालटले, की नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषद काठमांडूतच भरली. नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभराने बाबासाहेब त्या परिषदेला आले होते आणि बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले होते. आम्हाला त्या विहाराच्या अंगणात बसून घ्यायचंच होतं, बसलो.

(स्वयंभूला सातच्या आत पोचा. हातात प्रसादाची पिशवी उघडी धरू नका, माकडं वाटच बघत असतात. भारतीयांना तिकीट कमी पडतं, पण ओळखपत्र मागतात. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, आधारवर विसंबू नका.)

गुरुवार, पाटण

या सहलीतला सगळ्यात भरलेला दिवस.

पाटण हे काठमांडूला लागून असलेलं जुनं शहर. सकाळी क्वा बहाल. बहाल म्हणजे मध्ये चौक आणि चारही बाजूंनी इमारत असलेला विहार. पाटणमध्ये असे गल्लोगल्ली आहेत. याला पर्यटक सोन्याचं देऊळ म्हणतात, कारण समोरची सगळी भिंत सोनेरी पत्र्याने मढवलेली आहे. आत चामडं चालत नाही, म्हणून ताईची पर्स दारावरच्या दिदींनी ठेवून घेतली. चौकात कासवं फिरत होती, अगदी मालकासारखी. आणि गाभाऱ्यातून बाहेर आला तो पुजारी असेल नऊ-दहा वर्षांचा.

तिथल्याच एका शाक्य घरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलाने समजावून सांगितलं. या बहालच्या घरांतली मुलं आळीपाळीने पुजारी होतात, एकेकाकडे ३० दिवस. त्याआधी लहानपणीच त्यांचा बरे छुयेगु नावाचा विधी होतो: डोकं भादरायचं, चीवर घालायचं, चार दिवस भिक्षू राहायचं आणि मग चीवर परत करून घरी. पुढे लग्न, नोकरी, सगळं. या खोऱ्यातल्या नेवार समाजाच्या या परंपरेत आयुष्यभराचा ब्रह्मचारी भिक्षू उरलेलाच नाही. शाक्य आणि वज्राचार्य ही संसारी घराणीच भिक्षुसंघ. विधी फक्त त्यांच्याच मुलांना.

"म्हणजे जन्म बघतात?" ताईने विचारलं.

"हो दिदी, वडील या बहालचे हवेत."

नागपूरकडच्या माणसांना हे सहज गिळता येण्यासारखं नाही. ताई तर बाहेर येईपर्यंत काही बोलली नाही. मलाही ते पटलं नाही. पण एक मान्य करावं लागतं: भारतातले विहार ओस पडले तेव्हा ही घराणी टिकली, आणि संस्कृतातला पूजापाठ, हस्तलिखितं, मूर्ती त्यांनी सांभाळल्या. सोन्याच्या अक्षरांतली प्रज्ञापारमिता या महायान ग्रंथाची पोथी याच चौकात आजही वाचली जाते. ती काही दानपेटीच्या जोरावर टिकलेली नाही. टिकवायची किंमत कुणी दिली, ज्यांना आत येता आलं नाही त्यांनीही दिली का, हा हिशेब वेगळा.

दुपारी ओकु बहालच्या आसपास मूर्तिकारांच्या गल्लीत. मेणाचा बुद्ध घडवायचा, त्यावर मातीचे थर द्यायचे, भाजून मेण वितळवायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. एका कारखान्यात दारातच तारादेवीच्या मूर्तींचा ढीग पडला होता. तिथल्या दाइंनी (दाइ म्हणजे दादा) सांगितलं, यातल्या बऱ्याच तिबेटी गोम्पांकडे, म्हणजे मठांकडे, जाणार. त्यांच्या मूर्तींच्या चेहऱ्यावर वेगळा, न चकाकणारा सोन्याचा लेप देतात आणि केस निळे रंगवतात. गिऱ्हाईक बदललं की चेहरा बदलतो, हात तेच. हा उद्योग जुना आहे. तेराव्या शतकात याच खोऱ्यातला अरनिको नावाचा तरुण कारागीर तिबेटमार्गे कुबलाई खानाच्या दरबारात पोचला. बीजिंगमधला १२७९ साली पुरा झालेला पांढरा स्तूप त्याचाच. शेजारच्या महाबौद्ध देवळात उलटा प्रवास दिसतो. सोळाव्या शतकात बोधगयेला जाऊन आलेल्या अभयराजने तिथल्या मंदिराची आठवण म्हणून ते बांधायला घेतलं, विटेविटेवर बुद्ध. १९३४ च्या भूकंपात ते पडलं आणि पुन्हा उभं राहिलं.

खाण्याचं: गल्लीतल्या भट्टीत, म्हणजे छोट्या खाणावळीत, बारा नावाचा पदार्थ खाल्ला. उडदाच्या वाटलेल्या डाळीचं जाड धिरडंच, वर हवं तर अंडं फोडून देतात. सोबत आल्याची चटणी आणि भट्मास, म्हणजे भाजलेलं सोयाबीन. ताईने तिसरा मागवला.

संध्याकाळी रथ. रातो मच्छिंद्रनाथाची जत्रा वैशाखात असते हे माहीत होतं, पण रथ नेमका कुठे असेल हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. तो सुंधाराच्या अलीकडे होता. सुमारे ६० फूट उंच, वेताने बांधलेला, हिरव्या फांद्यांनी लपेटलेला मनोरा. चाकांवर रंगवलेले डोळे, पुढच्या लांब दांड्याच्या टोकाला भैरवाचं तोंड. शे-दोनशे पोरं दोरांना लागलेली. एकजण वर उभा राहून ओरडतो "होस्टे!", सगळे म्हणतात "हैंसे!", मनोरा एकीकडे झुकतो, घरांच्या खिडक्यांतल्या बायका किंचाळतात, तो पुन्हा सरळ होतो, चार हात पुढे जातो आणि थांबतो. धिमे नावाचे ढोल चालूच.

आत बसलेला देव म्हणजे ज्याला शोधत मी आले तो. बौद्धांसाठी तो करुणामय, अवलोकितेश्वर. हिंदूंसाठी मच्छिंद्रनाथ, होय, आपल्या नवनाथांतलाच. पुजारी पाटणचे आणि जवळच्या बुंगमती गावचे शाक्य-वज्राचार्य, दोर ओढायला सगळे. आमच्या शेजारच्या काकूंकडे श्रावणात नवनाथांची पोथी लागते. "चलो मच्छिंदर, गोरख आया" हे आमच्या लहानपणी खेळातही होतं. इथली कथा अशी, की गोरखनाथ रागावून नागांवर आसन घालून बसला आणि खोऱ्यात बारा वर्षं पाऊस पडला नाही. तेव्हा राजा नरेंद्रदेव, आचार्य बंधुदत्त आणि ललित नावाचा शेतकरी कामरूपाला गेले आणि गुरूला, मच्छिंद्राला, घेऊन आले. गुरू दिसताच गोरख उठून उभा राहिला. नाग सुटले, पाऊस पडला.

आता मूर्ती. अजिंठ्याचा पद्मपाणी पापण्या झुकवून, मान कलती ठेवून उभा आहे. हा तांबडालाल, डोळे टक्क उघडे, दागिन्यांत आणि फुलांत बुडालेला. नुसता चेहरा दिसतो. दोघांचं नातं सांगितल्याशिवाय कळणार नाही. त्याच्याकडून मागणं मात्र स्पष्ट: पाऊस दे, रोवणी होऊ दे. रथ ओढताना पाऊस येतो असं लोक म्हणतात. सातच्या सुमारास चार थेंब आलेच. गर्दीतून जो आवाज उठला तो ऐकण्यासारखा होता. आम्ही एका दुकानाच्या वळचणीला उभ्या राहिलो. दुकानदार काकांनी न मागता चिया (चहा) दिला.

शुक्रवार, बौद्ध

पाटणनंतर बौद्धचा, म्हणजे बौद्धनाथचा, स्तूप धुतल्यासारखा वाटतो. अबीर नाही, अंडी नाहीत. पांढरा घुमट, त्यावर केशराच्या पाण्याने उमटवलेल्या कमळाच्या पाकळ्यांच्या कमानी. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित इथे वसले आणि भोवती गोम्पांची वस्ती झाली. २०१५ च्या भूकंपात कळसाकडचा भाग तडकला. दुरुस्त करून २०१६ च्या नोव्हेंबरात पुन्हा खुला केला.

इथे पूजा पायांनी होते. पहाटेपासून माणसं उजवीकडून फेऱ्या घालतात. एका हातात माळ, दुसऱ्या हातात फिरतं मणिचक्र, तोंडाने ओम मणिपद्मे हुम्. हा मंत्र पद्मपाणीचाच. तिबेटींकडे तो चेनरेझिग, चार हातांचा: दोन हात जोडलेले, तिसऱ्यात माळ, चौथ्यात कमळ. कमळ टिकलं आहे. दलाई लामांनाही त्याचाच अवतार मानतात. काही जण लाकडी फळीवर पूर्ण लोटांगण घालत होते, पुन्हा उठत होते, पुन्हा घालत होते. एका सत्तरीच्या आमाने फेरीत ताईचा हात धरला. मोडक्या हिंदीत विचारलं, कुठून आलात. महाराष्ट्र तिला माहीत नव्हता. बोधगया म्हटल्यावर चेहरा उजळला, कालचक्र सोहळ्याच्या वेळी ती तिथे आठवडाभर राहिली होती. तिच्याबरोबर आम्ही आणखी फेऱ्या घातल्या. ती दर फेरीला एका भिकाऱ्याला नोट देत होती, पाचाची, न चुकता.

दुपारी थुक्पा आणि तिखट लाफिंग. मीठ-लोण्याचा चहा मी अर्धा सोडला, ताईने माझाही संपवला.

(फेरी नेहमी स्तूप उजव्या हाताला ठेवून. गोम्पात गुरूंच्या आसनाकडे पाय करून बसू नका. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, आणि शंभराच्या किंवा त्याहून लहान नोटा जवळ असलेल्या बऱ्या.)

शनिवार, वाटेत

लुंबिनीजवळच्या भैरहवाचं विमान डोंगरातल्या धुरकटामुळे चार तास उशिरा. वणव्यांचा धूर या दिवसांत असतोच. अर्ध्या तासाच्या उड्डाणासाठी अख्खा दिवस गेला. उतरलो तर लू. काठमांडूत रात्री शाल लागत होती, इथे संध्याकाळी सहाला ४० अंश. लुंबिनीत कोरियन विहारात राहिलो. साध्या खोल्या, पंखा, ठरलेल्या वेळी जेवण: भात, भाजी, सूप, तिखट आंबवलेली पानं. आपलं ताट आपण धुवायचं.

रविवार, लुंबिनी: पूर्व आणि पश्चिम

१९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट इथे आले, तेव्हा इथली अवस्था बघून त्यांना वाईट वाटलं. त्यातून पुढे जपानी वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांनी १९७८ मध्ये आराखडा पुरा केला. मधोमध कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायान-वज्रयानवाल्यांचे. तुलना करायला आलेल्या माणसाला याहून सोयीची जागा नाही. ई-रिक्षावाल्या भैयांना दिवसभरासाठी ठरवलं.

पश्चिमेला चिनी मंदिरात दारातच हातात तलवार, वीणेसारखं वाद्य, छत्री घेतलेले चार दिक्पाल, आणि पोट सोडून हसणारा मैत्रेय. आणि आतल्या बाजूला तो, म्हणजे ती. चीनमध्ये अवलोकितेश्वर बाई झाला: पांढरी वस्त्रं, हातात पाण्याचं भांडं. व्हिएतनामी मंदिरातही तिचंच माहेर. ताईला ही सगळ्यात जवळची वाटली. "संकटात बाईच धावून येते, बरोबर आहे त्यांचं," एवढंच म्हणाली.

कालवा ओलांडला की अवलोकितेश्वर नाहीसा होतो. थाई विहार पांढऱ्या संगमरवराचा, आत एकटे शाक्यमुनी. म्यानमारच्या सोनेरी पॅगोड्यात शाक्यमुनी. कंबोडियाच्या देवळाला नागांचे कठडे, आत शाक्यमुनी. बाकीचे बोधिसत्त्व सुट्टीवर. (श्रीलंकेत मात्र तो मागच्या दाराने शिल्लक आहे: कँडीला नाथ देवालयात ज्याला पूजतात तो मुळात हाच.) थाई विहारातल्या एका तरुण भिक्षूला पाटणच्या चार दिवसांच्या भिक्षूंबद्दल सांगितलं, तर त्याला मुळीच नवल वाटलं नाही. थायलंडमध्येही मुलगे पावसाळ्यात काही आठवडे, काही महिने चीवर घालतात आणि परत जातात, आईला पुण्य मिळावं म्हणून. फरक एवढाच, तिथे वडील कुणाचे ते विचारत नाहीत. हे ऐकून ताईच्या जिवात जीव आला.

पण खरं सांगायचं तर या पूर्व-पश्चिमेत दिवसभर फिरून मला कंटाळा आला. मूर्ती बघाव्यात तर अप्रतिम. पण समोर कुणी नाही. बहुतेक ठिकाणी एक झाडणारा माणूस, एक पहारेकरी, सेल्फी काढणारी कॉलेजची पोरं. प्रत्येक देशाने आपला उत्तम बुद्ध आणून बसवला, पण त्याच्याकडे काही मागणारं माणूस आणता येत नाही ना. पाटणच्या त्या वटारल्या डोळ्यांच्या देवाला शिल्प म्हणून कुणी शंभरातले चाळीस गुण देईल. तिथून हलवत नव्हतं.

उत्तर टोकाला निप्पोनझान म्योहोजी या जपानी पंथाने २००१ मध्ये पुरा केलेला विश्वशांती स्तूप आहे. पंख्याच्या आकाराचा डफ वाजवत एक भिक्षू "ना मु म्यो हो रेन गे क्यो" म्हणत होता, आणि आम्ही दोघी त्याच्याबरोबर म्हणू लागलो. तो थांबून बघायलाच लागला. या पंथाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते. सेवाग्रामच्या प्रार्थनेत हा मंत्र अजून असतो आणि वर्ध्यातही त्यांचा विश्वशांती स्तूप आहे. शाळेत असताना सहलीला आम्ही तिथेच जायचो.

(उन्हाळ्यात दहा ते चार बाहेर पडू नका. बरेच विहार दुपारी बंदही असतात. सायकल मिळते, पण मे महिन्यात तिच्या वाटेला जाऊ नका.)

सोमवार, मायादेवी मंदिर

सहाला दार उघडतं. चप्पल बाहेर, आत फोटो नाहीत. विटांच्या जुन्या पायांवरून लाकडी वाट, तिच्या शेवटी जन्मस्थानाची खूण सांगणारा दगड आणि वर झिजून गेलेलं जन्मशिल्प. बाहेर अशोकाचा स्तंभ, १८९६ मध्ये सापडलेला. इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून राजाने गावाचा बली नावाचा कर माफ केला आणि धान्याचा वाटा आठव्या हिश्शावर आणला, असं त्यावर लिहिलं आहे. पूजा म्हणून करमाफी, ही कल्पना मला फार आवडली.

पौर्णिमा जवळ आल्यामुळे पुष्करिणीकाठच्या पिंपळाखाली दाटी होती. एका बाजूला थाई मंडळी, दुसऱ्या बाजूला गुलाबी वस्त्रांतल्या बर्मी भिक्षुणी, आणि मध्ये पांढऱ्या साड्यांतल्या वीस-पंचवीस बायका. नांदेडच्या निघाल्या. बसने सारनाथ, बोधगया, राजगीर, कुशीनगर करून आलेल्या, बरोबर शेगडी आणि बाजरीचं पीठ. थाई लोकांनी "फुत्थं सरणं खच्छामि" सुरू केलं तशी एक म्हातारी ताठ बसली. "अगं, हे तर आपलंच म्हणतायत!" आणि तिने आपल्या नांदेडी चालीत "बुद्धं सरणं गच्छामि" धरलं. मग सगळ्यांनीच. थाई मंडळींचं संपलं तरी यांचं चालूच होतं, पंचशील पुरं होईपर्यंत. थाई गटातल्या एका आजोबांनी तोवर हात जोडूनच ठेवले होते.

त्यांनी आम्हाला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. मी पाटणच्या रथाचं सांगितलं तर त्या म्हातारीने फटकारलं, "बुद्ध पाऊस पाडत नसतो बाई. बाबासाहेबांनी काय सांगितलंय?" शेजारची म्हणाली, "राहू दे गं आक्का, त्यांच्याकडे पडतोय ना, पडू दे."

परतताना सुनौलीची सीमा ओलांडून गोरखपूर गाठलं. लुंबिनीहून सीमेपर्यंत टॅक्सीने तासभर, पुढे बसने तीनेक तास धरा. गाडीला वेळ होता म्हणून गोरखनाथ मठात जाऊन आलो. मच्छिंद्राला पाहिलं होतं, शिष्याला टाळणं बरं दिसलं नसतं. संक्रांतीला इथे खिचडी चढवतात. पाटणचा रथ बघायचा असेल तर वैशाखात जा आणि हाताशी दोन-तीन मोकळे दिवस ठेवा, तो वेळापत्रकाने चालत नाही. दर बारा वर्षांनी तो पाटणऐवजी थेट बुंगमतीहून निघतो. मागचा मेळा २०१५ मध्ये झाला, पुढचा २०२७ मध्ये. ताईने रजेचा अर्ज आत्ताच लिहून ठेवलाय, आणि नांदेडच्या आक्कांचा फोन नंबरही घेतलाय, त्यांना घेऊन जायचं म्हणते.